तेलघाण्याचा खर्च टप्प्याटप्प्याने कसा काढावा

महिन्याचा सगळा खर्च निघालेल्या तेलाने भागला की एक भाव हाती येतो, पण पैसा कुठे झिरपला ते कळत नाही. प्रोसेस कॉस्टिंगमध्ये म्हणूनच प्रत्येक टप्प्याचे खाते वेगळे ठेवतात. शेंगदाण्याच्या घाण्याला तीन खाती पुरतात: शेंगफोड, घाणा आणि निवळण-भरणी. खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत.

शेंगफोड
१,००० किलो शेंगा ६९,००० रुपयांच्या, मजुरी-वीज २,५००. टरफल विकून आलेले १,५०० वजा केले की राहिले ७०,०००. शंभर किलोला सत्तर किलो दाणा धरला, तर ७०० किलोला दर पडतो १०० रुपये.

काट्यावर मात्र ६८० किलोच भरले. हे २० किलो बुरशीने, नाहीतर उंदरांनी नेले. ही जादा घट. तिचे २,००० रुपये थेट नफा-तोट्यात टाकायचे. घाण्याकडे जातात ६८,०००. सत्तर हजारांना ६८० ने भागले तर दर १०२.९४ होतो आणि गोदामातला ढिसाळपणा गिऱ्हाइकाच्या बाटलीत उतरतो. नेहमीची घट किती, हे शेजारच्या घाणेवाल्याला विचारून ठरवू नका. आपल्याच दहा-बारा लॉटची वजने पाहा.

घाणा
६८,००० मध्ये घाण्याचा खर्च ६,६०० मिळवा, ३८० किलो पेंडीचे ४० रुपयांप्रमाणे १५,२०० वजा करा. उरले ५९,४००. तेल २७० किलो, म्हणजे किलोला २२० रुपये. विक्री लिटरने असेल तर थांबा: लिटरभर शेंगदाणा तेल साधारण ९१० ग्रॅम भरते, म्हणून लिटरला सुमारे २०० रुपयेच. घाण्यांचे हिशेब पाहताना किलो-लिटरची ही गफलत आम्हाला सर्वांत जास्त सापडते.

निवळण-भरणी
महिनाअखेरीस टाकीत तेल असतेच. समजा महिन्याच्या सगळ्या लॉटचे मिळून १,००० किलो गाळून तयार आणि २०० किलो अर्धवट निवळलेले. आधीची शिल्लक नाही. टाकीतल्या तेलावर काम निम्मे झाले, म्हणून ते १०० किलोइतके धरायचे. निवळण-गाळणीचा ५,५०० खर्च १,१०० ने भागला की किलोला ५ रुपये. तेलाची स्वतःची किंमत मात्र पूर्ण २०० किलोंवर. बाटल्या-लेबले शेवटी लागतात. त्यांचा पैसाही टाकीतल्या तेलावर टाकू नका.

असा हिशेब मांडण्यासाठी आमच्याकडे पहिल्या भेटीला येताना तीन महिन्यांच्या काटापावत्या, पेंड-टरफलाची बिले आणि महिनाअखेरीची टाकीतली मापे आणावीत.