लाखोरी, मीठ आणि सरकारी ताट

सरकारच्या आहार-सल्ल्यावर वाद निघाला की नागपुरात गाडी लाखोरी या कडधान्यावर येतेच. बाहेर हिला खेसारी म्हणतात. भंडारा-गोंदियाकडे धान कापायच्या आधीच उभ्या पिकात, बांधीच्या म्हणजे धानाच्या शेताच्या ओलाव्यावर तिचं बी फेकून पेरतात. ना नांगरणी, ना वेगळं पाणी. दाणा करडा, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा कोनदार. भरडला की डाळ तुरीसारखीच पिवळी, म्हणून तर भेसळीला सोयीची.

1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. कारण खोटं नव्हतं. दाण्यात ओडॅप नावाचं विष असतं आणि महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाली तर पाय कायमचे लुळे पडतात. मध्य प्रदेशातल्या रीवा भागात शेतमजुरांना मजुरीच या धान्यात मिळे, अन् लुळेपणाही तिथे ठळक दिसला. म्हणजे दोष डाळीचा होता तितकाच दुसरं काही खायला नसण्याचा. कायद्याने धरलं ते डाळीला. गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिलं की विष बरंच उतरतं, हे हैदराबादच्या पोषण संशोधकांनी 1960 च्या दशकातच दाखवलं होतं. पेरा तर थांबला नाहीच.

नागपूरच्या ॲकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंटचे डॉ. शांतिलाल कोठारी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं झगडले. त्यांच्या बाजूचा आकडा सरकारी तक्त्यातलाच: 100 ग्रॅम तूरडाळीत प्रथिनं सुमारे 22 ग्रॅम, लाखोरीत 28. महाराष्ट्राने 2008 मध्ये बंदी उठवली. 2016 मध्ये रतन, प्रतीक आणि महातिवडा या कमी विषाच्या वाणांना आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) समितीने अनुकूलता दाखवली.

कोठारींच्या याच संस्थेने आयोडीनयुक्त मिठाची सक्तीही सर्वोच्च न्यायालयात नेली. 2011 मध्ये न्यायालयाने तो नियम अधिकाराबाहेरचा ठरवला, पण लगेच मोडीत काढला नाही. इथे मी त्यांच्या बाजूचा नाही. गलगंडावर आयोडीनचा गुण वादापलीकडचा आहे.

राष्ट्रीय पोषण संस्थेची आहार मार्गदर्शिका आली 1998 मध्ये, मग 2011 आणि 2024 मध्ये सुधारली. ताजी आवृत्ती म्हणते, ताटातली निम्म्याहून कमी, 45 टक्क्यांपर्यंतच ऊर्जा धान्यातून घ्या, डाळी वाढवा. सल्ला चोख. पण 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनवर माणशी महिन्याला 5 किलो मिळतं ते धान्यच. डाळ त्या हक्कात नाही. गोंदियाच्या मजुराकडे तांदूळ रेशनचा येतो, आणि बांधीत उगवते ती लाखोरी.