ऑपरेशननंतरचे दोन दिवस आणि खाटेशेजारचा नवरा

कॅन्सरमुळे स्तन काढून त्याच जागी पोटावरच्या कातडी-चरबीचा नवा स्तन बसवण्याचं ऑपरेशन दिवसभर चालू शकतं. बायकोला थिएटरबाहेर आणलं की ताटकळलेल्या नवऱ्याला वाटतं, सुटलो एकदाचे. सर्जनची धाकधूक मात्र पुढचे ४८ तास सरत नाही. वॉर्डातले जे नियम नातेवाइकांना जाचक वाटतात, ते बरेचसे या धाकधुकीपोटीच आलेले असतात. ते कशासाठी आहेत हे ठाऊक असलेला नवरा नुसता धीर देणाऱ्या नवऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो, असं माझं मत आहे.

या ऑपरेशनला डॉक्टर ‘डीप फ्लॅप’ म्हणतात. पोटाचा स्नायू जागच्या जागी ठेवून बेंबीखालची कातडी आणि चरबी, तिला रक्त पुरवणाऱ्या धमनी-शिरेसकट, सोडवतात. हा तुकडा म्हणजेच फ्लॅप. मग त्या वाहिन्या तोडून छातीच्या मधल्या हाडालगतच्या वाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली जोडतात. वाहिनीचा व्यास जेमतेम २-३ मिलिमीटर, टाक्याचा धागा केसाहून बारीक. अमेरिकी सर्जन रॉबर्ट ॲलन यांनी १९९४ साली ही पद्धत स्तनासाठी मांडली. कातडी एकीकडून उचलून दुसरीकडे लावायची कला मात्र फार जुनी. पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कापलेलं नाक कपाळाच्या कातडीतून घडवल्याची हकिगत १७९४ सालीच लंडनच्या एका मासिकात छापून आली होती. पण त्या कातडीचा देठ कपाळाला जोडलेलाच राहायचा, रक्त मिळत राहायचं. इथे देठच तोडलेला असतो. नव्या जोडात गुठळी झाली तर सगळं मुसळ केरात.

म्हणून नर्स तासातासाला येते, रात्री दोनलाही. फ्लॅपवर बोट दाबून सोडते. फिकट पडलेला ठिपका २-३ सेकंदांत पूर्ववत व्हायला हवा. हात लावून ऊब बघते. मग जेली लावून डॉपलरचं छोटं यंत्र सर्जनने खूण करून ठेवलेल्या जागी टेकवते आणि धमनीची लयीतली सूं-सूं ऐकू येते. फ्लॅप फिकट, गार पडला तर रक्त आत पोचत नाहीये. जांभळट, फुगलेला दिसला आणि दाबलेला ठिपका क्षणात भरला, तर रक्त येतंय पण जायला वाट नाही. नळ चालू आणि मोरी तुंबलेली. हा दुसरा प्रकार जास्त आढळतो. लगेच पुन्हा थिएटरमध्ये नेऊन गुठळी काढली तर फ्लॅप अनेकदा वाचतो. सावळ्या कातडीवर रंगातला बदल पटकन कळत नाही, तेव्हा ‘मघापेक्षा वेगळं दिसतंय’ एवढंच वाटलं तरी सकाळच्या राउंडपर्यंत थांबू नका.

थंडी, निकोटिन आणि वेदना, तिन्हींनी बारीक रक्तवाहिन्या आकसतात. खोली उबदार ठेवतात ती त्यामुळे. तुम्हाला घाम फुटला म्हणून एसी वाढवू नका. निकोटिन म्हणजे फक्त सिगरेट नव्हे. मिश्री लावायची सवय असेल तर तीही बंद, आणि भेटायला आलेल्या मावशींनी पिशवीतून आणलेली डबीसुद्धा. दुखणं दात-ओठ खाऊन सोसायची आपल्याकडच्या बायकांना सवय असते आणि त्याचं कौतुकही होतं. इथे ते कौतुक नको. ‘किती दुखतंय, दहापैकी किती?’ असं विचारा आणि उत्तर नर्सच्या कानावर घाला. वेदनाशामकाचा बटणवाला पंप लावला असेल तर बटण तिनेच दाबायचं. गुंगी वाढली की पेशंटचा हात आपोआप थांबतो, हीच त्या यंत्राची सुरक्षा. ती झोपलीय, दुखत असेल बिचारीला, म्हणून तुम्ही दाबलंत तर श्वास मंदावू शकतो.

पोटाची कातडी खालचा भाग काढून ताणून शिवलेली असते. त्यामुळे खाट मध्ये दुमडलेली, गुडघे वर, आणि चालणं वाकून. ‘सरळ चाल गं’ म्हणू नका. टाक्यांवर ताण येतो. चालवायचं मात्र लवकर, कारण पडून राहिलं की पोटऱ्यांच्या शिरांत गुठळ्या होतात. खोकला आला की पोटावर उशी धरून द्या. मिठी मारायचा मोह आवरा, तो नाजूक जोड छातीवरच आहे.

पहिल्यांदा आरशात बघताना तुम्ही जवळ हवेत की नकोत, हे तिलाच विचारा. छातीवर पोटाचीच कातडी आलेली असते, कधी बाळंतपणाच्या खुणांसकट. काही जणींना त्याचं हसू येतं, काहींना रडू. तुम्ही बघितल्यावर चेहऱ्यावर काय उमटतं ते ती टिपणार, तेव्हा आधी सर्जनकडून काय दिसणार ते समजून घ्या.

घरी जाताना बहुधा एखादा ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी, सोबत येतो. त्यातलं पाणी दर २४ तासांनी मोजून वहीत लिहा. ३० मिलिलिटरच्या खाली आलं की साधारणपणे नळी काढतात. एका पायाची पोटरी अचानक सुजली किंवा धाप लागली तर सरळ हॉस्पिटल गाठा. आणि घरातली गरम पाण्याची पिशवी काही महिने कपाटात टाका. संवेदनेच्या नसा तोडलेल्या असल्याने नवा स्तन आणि टाक्यांजवळचं पोट बधिर असतं. संवेदना थोडीफार परत येते ती महिन्यांनी, कधी वर्षांनी. तोवर कातडी भाजली तरी तिला पत्ताही लागत नाही.