नोकरी करून शिकताय? दिव्यांग विद्यार्थ्यांनी प्रवेशाआधी वाचावं असं माहितीपत्रक

निकाल लागले की आमच्या केंद्रात शिष्यवृत्तीच्या फॉर्मची गर्दी सुरू होते. त्यात दरवर्षी काही जण असे असतात, जे दिवसा शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कामाला जातात, नाहीतर घरीच शिकवण्या घेतात, आणि जमेल तसं पदवीचं शिक्षण पुरं करतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आम्हाला दिव्यांग शिष्यवृत्ती बसते का?" एका शब्दात उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक छापलं आहे. शक्यतो प्रवेश घेण्याआधी वाचा.

सगळ्यात आधी तुमचा प्रवेश कुठल्या प्रकारचा आहे ते बघा

काम करून शिकणारा प्रत्येक जण कागदोपत्री अर्धवेळ नसतो. सकाळच्या कॉलेजात किंवा रात्र महाविद्यालयात रीतसर प्रवेश असेल, हजेरी लागत असेल, तर तुम्ही नियमित विद्यार्थी आहात. दिवसा काम करता म्हणून तो प्रवेश अर्धवेळ होत नाही. याउलट यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा किंवा शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचा प्रवेश हा दूरशिक्षणाचा. बोनाफाईड दाखल्यावर काय लिहिलंय ते स्वतः वाचा, कारण कॉलेजकडची पडताळणी त्यावरच होते.

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरली जाते ती केंद्र सरकारची दिव्यांगांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अकरावीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत आहे. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त हवं, पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, त्याच वेळी दुसरी शिष्यवृत्ती चालू नको. बी.ए. झाल्यावर पुन्हा बी.कॉम. करायचं असेल, म्हणजे त्याच पातळीचं दुसरं शिक्षण, तर ती मिळत नाही. आणि अभ्यासक्रम नियमित, पूर्णवेळ हवा. मुक्त विद्यापीठातली मुलं अडतात ती इथं.

"पण आता दोन्ही पदव्या सारख्याच ना?" असं बरेच जण विचारतात. खरं आहे. मान्यताप्राप्त मुक्त आणि दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असल्याचं यूजीसीने 2022 मध्ये स्पष्ट केलं. मात्र ती बरोबरी पदवीची आहे, शिष्यवृत्तीची अट त्यामुळे बदलत नाही. आम्हाला हे मनापासून खटकतं. ज्याला रोज जिना चढून वर्गात जाऊन बसणं झेपत नाही तोच दूरशिक्षण घेतो, आणि मदतीची गरजही त्यालाच जास्त असते.

तरीही फॉर्ममध्ये खोटं 'नियमित' निवडू नका. आमच्याकडे एक जण असा फॉर्म दुसरीकडून भरून आला होता. पडताळणीत अर्ज परत आला, दुरुस्तीची मुदत संपली, वर्ष हातचं गेलं. असा फॉर्म आम्ही भरून देत नाही.

अर्धवेळ किंवा दूरशिक्षण असलं तरी चालू राहणाऱ्या वाटा

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत तुम्ही शिकता की नाही, हा प्रश्नच येत नाही. दिव्यांगत्व किमान 40 टक्के, वय 18 ते 65, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 च्या आत आणि महाराष्ट्रात किमान 15 वर्षं वास्तव्य. दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर 2025 पासून दरमहा 2,500 रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात. मुक्त विद्यापीठाची फी आणि पुस्तकं यातून भागवणारी मुलं आम्ही बघतो.

दुसरी वाट लोक विसरतात. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषद यांना स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो. गावात ग्रामसेवकाकडे, शहरात महापालिकेत लेखी अर्ज द्या, त्यात शिक्षणाचा खर्च मांडा, फीची पावती जोडा आणि पोच घ्या. तोंडी विचारून परत येऊ नका.

श्रवणयंत्र, तीनचाकी सायकल अशी साधनं केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून मिळतात. महिन्याचं उत्पन्न 22,500 पर्यंत असेल तर मोफत, 30,000 पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत. संपर्क सत्रासाठी, म्हणजे दूरशिक्षणाच्या अधूनमधून होणाऱ्या वर्गांसाठी, एसटीने येत असाल तर दिव्यांगांना तिकिटात 75 टक्के सवलत आहे. पगारावर कर कापला जात असेल, तर जुन्या करपद्धतीत 75,000 रुपयांची वजावट मिळते, दिव्यांगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000 ची.

नावातला 'सो'

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आधी ते काढा, ऑनलाईन अर्ज आम्ही भरून देतो. तपासणीची तारीख आली की मूळ कागद घेऊन जायचं. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावरची मुदत बघा.

आमच्या भागात अर्ज अडतात ते बहुतेक नावावरून. आधारवर वडिलांचं नाव 'बाळासाहेब', यूडीआयडीवर 'बाळासो', दहावीच्या मार्कलिस्टवर नुसतं 'बाळू'. वडील तेच, पण संगणकाला तीन माणसं दिसतात. लग्न झालेल्या मुलींचं आडनावही असंच दोन ठिकाणी दोन निघतं. फॉर्मच्या शेवटच्या आठवड्यात हे दुरुस्त होत नाही. म्हणून तिन्ही कागद आजच शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. खातं आधारशी जोडलेलं आहे का, हेही बँकेत विचारून घ्या. 'केवायसी झालंय' म्हणजे पैसे जमा होण्यासाठी आधार जोडलं गेलं, असं नव्हे.

येताना यूडीआयडी, आधार, पासबुक, उत्पन्नाचा दाखला, मागच्या वर्षीचं मार्कलिस्ट आणि बोनाफाईड आणा. ओटीपीसाठी आधारशी जोडलेला मोबाईल सोबत हवा, तो घरी राहिला की फेरी वाया जाते. आमच्या दारात दोन पायऱ्या आहेत. चढणं अवघड असेल तर खालूनच हाक मारा, आम्ही लॅपटॉप घेऊन बाहेर येतो.