मॅन्युअलपासून यूएक्सपर्यंत : टेक्निकल रायटरच्या संशोधनाची पार्श्वभूमी

सॉफ्टवेअर कंपन्यांतील टेक्निकल रायटर आता मॅन्युअल लिहिण्याबरोबरच वापरकर्त्यांच्या मुलाखती घेतात, चाचण्या घेतात आणि स्क्रीनवरील मजकूर व मांडणीचे आराखडेही करतात. याकडे पुष्कळदा लेखकाने डिझायनरच्या क्षेत्रात केलेला शिरकाव म्हणून पाहिले जाते. इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही. माणसाला समोर बसवून त्याचे काम निरखण्याच्या ज्या पद्धती आज यूएक्स (यूजर एक्स्पीरियन्स, म्हणजे वापरकर्त्याचा अनुभव) संशोधनाच्या म्हणून शिकवल्या जातात, त्यांतल्या काही लेखकाच्याच एका जुन्या प्रश्नातून वाढल्या : लिहिलेले वाचून वाचकाला ते काम खरोखर करता येते का?

1949 साली अमेरिकेत जोसेफ चॅप्लिन यांनी बायनॅक या संगणकाचे मॅन्युअल लिहिले. ते या प्रकारच्या लेखनाच्या अगदी पहिल्या नमुन्यांपैकी एक मानले जाते. त्या काळात संगणक वापरणारा माणूस बहुधा स्वतःच अभियंता किंवा गणितज्ञ असे, त्यामुळे यंत्राचे भाग क्रमाने समजावून सांगितले की लेखकाचे काम भागत असे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हेच संगणक कार्यालयांतील टंकलेखकांच्या टेबलांवर पोचू लागले आणि तेव्हा ही रीत अपुरी पडली.

त्याच सुमारास अमेरिकी सरकारी कागदपत्रांची भाषा हाही चर्चेचा विषय झाला होता. 1978 मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सरकारी नियम साध्या इंग्रजीत लिहावेत असा आदेश काढला. सरकारी अनुदानातून कागदपत्रांच्या रचनेवर संशोधन सुरू झाले आणि 1979 मध्ये वॉशिंग्टन येथे डॉक्युमेंट डिझाइन सेंटर उभे राहिले. त्याच्या संचालक जेनिस रेडिश या मूळच्या भाषाशास्त्रज्ञ. फॉर्म भरणारा माणूस कुठे अडतो हे अंदाजाने न ठरवता त्याच्याकडून तो फॉर्म भरून घेऊन पाहायचे, असा या संशोधनाचा रोख होता. त्यात सहभागी असलेल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात मानसशास्त्रातील एक पद्धत वाचकांवर वापरली जात होती : वाचताना मनात जे येईल ते वाचकाने बोलत राहायचे आणि संशोधकाने ते शब्दशः नोंदवायचे. पुढे संशोधक कॅरन श्रायव्हर यांनी दाखवून दिले की अशा नोंदी अभ्यासलेल्या लेखकांना नव्या मजकुरातही वाचक कुठे अडेल हे अधिक चांगले ओळखता येते. लेखकाने वापरकर्त्यांसोबत वेळ का घालवावा, या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर माझ्या वाचनात नाही.

सर्वांत महत्त्वाचे काम मात्र न्यूयॉर्क राज्यातील आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात झाले. तिथले संशोधक जॉन कॅरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑफिसच्या कामाचा अनुभव असलेल्या, पण संगणक न वापरलेल्या व्यक्तींना वर्ड प्रोसेसर (मजकूर टाइप करून सुधारण्याची संगणकीय सोय) आणि त्याचे स्वयंशिक्षणाचे मॅन्युअल देऊन कामाला बसवले आणि मनातले बोलत राहण्यास सांगितले. मॅन्युअल अतिशय पद्धतशीर होते; आधी ओळख, मग संकल्पना, मग क्रमवार सराव. शिकणाऱ्यांनी हा क्रम पाळलाच नाही. त्यांनी प्रस्तावना ओलांडल्या, सूचना पूर्ण वाचण्याआधीच कळा दाबल्या, आपल्याच तर्काने चुकीचे निष्कर्ष काढले, आणि एकदा वाट चुकल्यावर परत कसे यावे याचे उत्तर त्यांना पानांवर सापडले नाही, कारण ते मॅन्युअल चूक होणारच नाही असे धरून लिहिलेले होते.

कॅरल यांनी याचे खापर वाचकांवर फोडले नाही. ही माणसे पत्र टाइप करायला बसली होती, त्यांना यंत्र शिकण्यापेक्षा ते काम उरकण्याची घाई होती, आणि ही घाई अगदी रास्त होती. या निरीक्षणावरून तयार झालेल्या ‘मिनिमल मॅन्युअल’मध्ये प्रस्तावना आणि उजळण्या काढून टाकल्या, प्रकरणांची नावे वाचकाच्या कामावरून ठेवली, पहिल्या काही पानांतच खरे काम करायला दिले आणि नेहमीच्या चुकांतून बाहेर पडण्याचे मार्ग त्या त्या जागीच लिहिले. पृष्ठसंख्या निम्म्याहून कमी झाली. 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार हे मॅन्युअल वापरणाऱ्यांना शिकायला सुमारे 40 टक्के कमी वेळ लागला.

याच संशोधनाने मॅन्युअलकडून स्क्रीनकडे जाण्याची वाटही दाखवली. नवशिक्यांनी ठरावीक अवघड पर्याय निवडले की ते अडकतात, हे चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसत होते. तेव्हा कॅरल आणि कॅरोलिन कॅरिथर्स यांनी 1984 मध्ये त्या वर्ड प्रोसेसरची अशी आवृत्ती तपासली की ज्यात हे पर्याय दिसत, पण निवडल्यास ते सध्या उपलब्ध नाहीत एवढाच संदेश येई. लहान मुलांच्या सायकलला लावतात त्या जादा चाकांवरून तिला ‘ट्रेनिंग व्हील्स’ असे नाव दिले गेले. जी सूचना मॅन्युअलमध्ये ठळक अक्षरांत लिहूनही वाचली जात नव्हती, तिची गरजच इंटरफेसने, म्हणजे वापरकर्त्यासमोरच्या स्क्रीनच्या रचनेने, संपवली.

अॅपलमध्ये हीच वाट एका माणसाच्या कारकिर्दीत दिसते. जेफ रास्किन यांनी अॅपल टू संगणकाच्या बेसिक या प्रोग्रामिंग भाषेचे मॅन्युअल लिहिले आणि 1978 मध्ये ते कंपनीच्या प्रकाशन विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले. सर्वसामान्य माणसाला सहज वापरता येईल असा संगणक हवा, या आग्रहातून 1979 मध्ये त्यांनी मॅकिंटॉश प्रकल्प सुरू केला. 1982 मध्ये ते अॅपलमधून बाहेर पडले आणि 1984 चा मॅकिंटॉश त्यांच्या मूळ कल्पनेपेक्षा बराच वेगळा निघाला, तरी प्रकल्पाचा आरंभ प्रकाशन विभागातील माणसाने केला ही गोष्ट विसरली जाऊ नये.

नव्वदच्या दशकात वाटा वेगळ्या झाल्या. 1991 मध्ये वापरसुलभतेच्या तज्ज्ञांची स्वतंत्र संघटना निघाली; 1993 मध्ये अॅपलमध्ये गेलेल्या मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांच्या पदनामातून ‘यूजर एक्स्पीरियन्स’ हे शब्द रूढ झाले. संशोधनाला स्वतंत्र विभाग आणि मान मिळाला, हे चांगलेच झाले. लेखक मात्र अनेक ठिकाणी रिलीजच्या तोंडावर बोलावण्याचा माणूस बनला.

आपल्याकडे हा व्यवसाय नेमका याच टप्प्यावर वाढला. मुंबईच्या आयआयटीत डिझाइनचे शिक्षण देणारे आयडीसी हे केंद्र 1969 पासून होते, पण पुण्या-बंगळूरच्या आयटी कंपन्यांतील टेक्निकल रायटर बहुधा इंग्रजी साहित्य किंवा अभियांत्रिकी शिकून आलेले, आणि त्यांचा वाचक बहुतांशी परदेशात. त्याला प्रत्यक्ष भेटता येत नसल्याने लेखकांनी जवळचे पुरावे वापरले : सपोर्ट विभागाकडे आलेल्या तक्रारी, हेल्पमध्ये शोधूनही न सापडलेले शब्द, नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याचे पहिले प्रयत्न. समजा, एका सेटिंगसाठी सात पायऱ्या आणि दोन इशारे लिहावे लागत आहेत, आणि स्क्रीन शेअर करून पाहिलेली माणसे तिसऱ्याच पायरीवर थांबत आहेत. अशा वेळी आणखी एक ओळ न लिहिता ते रेकॉर्डिंग डिझायनर आणि डेव्हलपर यांच्यापुढे ठेवणे आणि रकान्याची जागा किंवा लेबल बदलून घेणे, हा आजच्या लेखकाच्या यूएक्स प्रकल्पाचा गाभा आहे. त्यासाठी लेखकाला आराखड्याच्या बैठकीतच जागा लागते, कारण स्क्रीन तयार झाल्यावर रकाना हलवणे महाग पडते आणि पुन्हा एक इशारा लिहिण्यावरच वेळ मारून नेली जाते.