एका आकारातून दुसरा आकार कापताना अडतं कुठे?
इंकस्केप नव्याने शिकणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

घराची पाटी, रांगोळीचा छाप, मखराची नक्षी अशी डिझाइनं स्वतः काढून लेझर कटिंगला आणणारे बरेच ग्राहक आमच्याकडे येतात. बहुतेकांनी ती इंकस्केपमध्ये केलेली असतात. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, घरच्या साध्या कॉम्प्युटरवर चालतं आणि देवनागरीही नीट दाखवतं. तुम्ही स्वतः डिझाइन करता याचा आम्हाला खरंच आनंद आहे. फाइल अडते ती बहुधा एकाच जागी, एका आकारातून दुसरा आकार वजा करताना. म्हणून हे पत्रक.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर एक ताई तोरणाची फाइल घेऊन आल्या. एका लांब पट्टीला ओळीने चंद्रकोरी लटकलेल्या, पडद्यावर फारच देखणं दिसत होतं. कोर काढताना त्यांनी पिवळ्या गोलावर थोडा सरकवून पांढरा गोल ठेवला होता. डोळ्यांना कोर दिसते, मशीनला मात्र दोन पूर्ण गोल दिसतात. लेझर दोन्ही गोलांच्या कडेने फिरला. पांढऱ्या गोलाची बाहेर आलेली कड वरच्या पट्टीत घुसली आणि पट्टी जागोजाग चिरली. ३ मिमीचं ॲक्रिलिक शीट वाया गेलं. फाइल आधी तपासून घ्यायला हवी होती, ती चूक आमची. तेव्हापासून आम्ही प्रत्येक फाइल फक्त रेषांमध्ये उघडून बघतो. तुम्हीही घरीच तसं बघावं, कसं ते पुढे सांगितलंच आहे.

पांढरा रंग म्हणजे भोक नव्हे, ही पहिली गोष्ट. मशीन रंगाखालचा पाथ वाचतं, म्हणजे आकाराची मूळ रेषा. भोक हवं असेल तर ते रेषेतच पडलं पाहिजे.

खरी चंद्रकोर

६० मिमीचा एक गोल काढा. त्यावर ५० मिमीचा दुसरा गोल, थोडा बाजूला सरकवून. शिफ्ट दाबून दोन्ही निवडा, पाथ मेनूतलं डिफरन्स घ्या किंवा कंट्रोल आणि वजाचं चिन्ह दाबा. वरचा गोल नाहीसा होतो आणि खालच्या गोलाची कोर उरते. रंगही खालच्याचाच राहतो.

नियम एवढाच, की कापणारा आकार वर आणि ज्यातून कापायचं तो खाली. आधी कोणता निवडला याला इंकस्केपमध्ये अर्थ नाही, वर-खाली काय आहे तेच बघितलं जातं. म्हणून नको तो तुकडा उरला तर घाबरू नका. कंट्रोल झेड करा, खाली हवा तो आकार एकटा निवडून एंड बटण दाबा. तो सगळ्यांच्या तळाशी जातो. मग पुन्हा दोन्ही निवडून डिफरन्स. कधी कधी डिफरन्स केल्यावर सगळंच गायब होतं. पाटी वर आणि अक्षरं खाली असली की असं होतं, कारण वरच्या मोठ्या आकाराने खालचा पूर्ण खाऊन टाकलेला असतो. उपाय तोच.

ज्यांचा हात कोरलड्रॉ या दुसऱ्या डिझाइन प्रोग्रॅमवर बसलाय त्यांच्यासाठी एक सूचना. तिथे ट्रिम, म्हणजे तिथली वजाबाकी, केल्यावर कापणारा आकार जागेवरच राहतो, त्यामुळे काहीच झालं नाही असं वाटतं. तो उचलून बाजूला करा, खाली भोक पडलेलं दिसेल. आणि तिथे निवडण्याचा क्रम मोजला जातो. शिफ्ट धरून एकेक निवडलंत तर शेवटी निवडलेला आकार कापला जातो.

डिफरन्स दाबलं, पण काहीच झालं नाही

खिडकीच्या तळाची बारीक अक्षरांची पट्टी वाचा. नवीन माणूस तिकडे कधी बघत नाही, पण काय निवडलंय ते तिथे लिहून येतं: किती वस्तू, गोल आहे, पाथ आहे, की ग्रुप.

ग्रुप, म्हणजे एकत्र बांधलेल्या वस्तू, असेल तर डिफरन्स होत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि जी दाबून तो सोडवा. नेटवरून उतरवलेल्या नक्षीत ग्रुपच्या आत ग्रुप असतात, त्यामुळे पट्टीवर ग्रुप हा शब्द दिसायचा थांबेपर्यंत हेच करत राहा. क्लोन, म्हणजे मूळ वस्तूशी जोडलेली प्रत, असेल तर एडिट मेनूतून त्याचा दुवा तोडा. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो असेल तर त्यातून काहीच वजा होणार नाही, तो आधी पाथ मेनूतल्या ट्रेस बिटमॅपने रेषांमध्ये आणावा लागतो. ट्रेस झालेला आकार बरोबर फोटोच्या डोक्यावर बसतो, त्यामुळे काही घडलं नाही असं वाटतं. वरचा आकार ओढून बाजूला घ्या आणि खालचा फोटो काढून टाका.

एका वेळी दोनच आकार घ्या. पाटीला चार कोपऱ्यांत स्क्रूची चार भोकं पाडायची असतील तर ते चार गोल आधी निवडून कंट्रोल आणि अधिक चिन्हाने, म्हणजे यूनियनने, एक करा. मग ती एक वस्तू पाटीतून वजा करा.

जाड रेघ ओढून तिच्या जाडीएवढी खाच मिळेल अशी अनेकांची समजूत असते. रेघेची जाडी हा नुसता दिखावा आहे, डिफरन्स तिच्या मधल्या अदृश्य रेषेवरच चालतं. कंट्रोल, आल्ट आणि सी दाबलं की जाडीचा खरा आकार बनतो, मग खाच पडते.

देवनागरी पाटी: इथे जरा थांबा

अक्षरांचं काम आमच्या जिव्हाळ्याचं आहे, म्हणून हे सविस्तर सांगतो. समजा पाटीवर ‘वैभव’ कोरून आरपार कापायचं आहे.

शब्द टाइप केला, आकार ठरवला, की त्याची एक प्रत बाजूला ठेवा. कंट्रोल डीने प्रत निघते. पाथ झाल्यावर शब्दातली चूक टाइप करून सुधारता येत नाही. मग कंट्रोल, शिफ्ट आणि सीने अक्षरांचा पाथ करा. आमच्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसला तरी अक्षरं मग बिघडत नाहीत. आता ती एका ग्रुपमध्ये असतात, म्हणजे आधी ग्रुप सोडवायचा.

मराठीची खरी अडचण यानंतर येते. प्रत्येक अक्षराची शिरोरेघ पुढच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. पडद्यावर ती एकसंध दिसते, पण रेषांमध्ये प्रत्येक जोडावर आडवे-उभे छेद असतात. सुटी अक्षरं कापून हवी असतील तर त्या जोडांवरच शब्द तुटून हातात येतो. म्हणून सगळी अक्षरं निवडून यूनियन करा. शिरोरेघ अखंड झाली, आता वजाबाकीला हरकत नाही.

पण अजून एक पायरी राहिली. ‘व’ हे अक्षर पाटीतून आरपार कापलं की त्याचं पोट, म्हणजे मधला बंद भाग, कुठेच जोडलेला राहत नाही. तो गळून खाली पडतो आणि व ओळखू येत नाही. ‘वैभव’मध्ये असे दोन व आहेत. ब, ठ, ढ यांचंही हेच. उपाय असा: २ मिमी रुंदीची बारीक उभी पट्टी काढा, ती व वर अशी ठेवा की पोटातून खाली जाऊन अक्षराच्या तळाची कड ओलांडेल. ही पट्टी आधी अक्षरातून वजा करा आणि त्यानंतर अक्षर पाटीतून. पट्टीच्या जागी पाटीचा धागा, म्हणजे एक पूल, शाबूत राहतो आणि पोट त्यावर टिकतं. क्रम उलटा केलात, म्हणजे अक्षर आधी पाटीतून काढलं आणि मग पट्टी वजा केली, तर पोट चिरलं जातं आणि पूल मात्र तयार होत नाही. ३ मिमी ॲक्रिलिकला आम्ही २ मिमीपेक्षा बारीक पूल करत नाही. लेझरची वाटही साधारण ०.१ ते ०.२ मिमी खाते, त्यामुळे केसाएवढा पूल हातात घेताच तुटतो.

नवीन आवृत्तीत, १.३ पासून, शेप बिल्डर नावाचं साधन आलं आहे. आकार निवडून एक्स दाबलं की नको तो भाग शिफ्ट धरून नुसत्या क्लिकने काढता येतो. चंद्रकोरीसाठी सोयीचं आहे. अक्षरांच्या कामाला मात्र आम्ही अजून डिफरन्सच सुचवतो, कारण कोणत्या टप्प्यावर चुकलं ते लगेच कळतं.

पाठवण्याआधी

व्ह्यू मेनूतून डिस्प्ले मोडमध्ये आउटलाइन निवडा. रंग सगळे जातात आणि बारीक रेषा उरतात. आमचं मशीन जे बघतं ते हेच. जिथे दोन रेषा एकमेकींना ओलांडतात, तिथे लेझरही ओलांडणार. एकेक कोपरा मोठा करून बघा, विशेषतः शिरोरेघ आणि मात्रांची टोकं.

फाइल एसव्हीजीमध्ये, म्हणजे रेषा जपणाऱ्या फाइल प्रकारात, जतन करा आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलीत तर रेषा येत नाहीत. मापाची एक ओळही सोबत लिहा, जसं पाटी ३०० बाय १५० मिमी, कारण एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जाताना माप कधी कधी बदलतं. कुठे अडलात तर वजाबाकीच्या आधीची आणि नंतरची अशा दोन्ही फाइल घेऊन दुकानात या. पेनड्राइव्हवर आणल्यात तरी चालतील, शेजारी बसून दाखवू.