परी नव्हे, फे : एका गाजलेल्या मालिकेची पार्श्वभूमी

सारा जे. मास यांच्या ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ या फे लोकांच्या इंग्रजी कादंबरीमालिकेबद्दल कुणाला खरंखुरं मत विचारलं, तर उत्तराची सुरुवात बहुतेक ठरलेली असते : ‘पहिला भाग कसाबसा संपव, खरी मजा दुसऱ्यात आहे.’ त्यानंतर मात्र फाटे फुटतात. कुणी रात्री जागून पाचही भाग संपवलेले असतात, तर कुणी ‘नायक पाचशे वर्षांचा आणि रुसवेफुगवे कॉलेजातल्या पोराचे’ म्हणत पुस्तक मिटवलेलं असतं. मी स्वतः पहिल्या खेपेला शंभरेक पानांवरच थांबले होते. पुन्हा हातात घेतलं ते या गोष्टीची मुळं कुठवर गेली आहेत हे कळल्यावर. तेव्हा लक्षात आलं, वाचकांच्या बहुतेक तक्रारी पुस्तकापेक्षा कितीतरी जुन्या आहेत. (पुढे पहिल्या दोन भागांतलं कथानक उघड होतं, आधीच सांगून ठेवते.)

आधी शब्दाचा घोळ. ‘फेअरी’ला आपण सहज ‘परी’ म्हणतो आणि डोळ्यांसमोर झगा, पंख आणि कांडी येते. ‘परी’ फारसीतून आली. ‘फेअरी’ निघाली लॅटिनमधल्या दैवाच्या ‘फाता’पासून, जुन्या फ्रेंचच्या वाटेने. दोघींचं नातं काहीच नाही, नुसता आवाज जुळतो. गंमत म्हणजे अवेस्तेतली ‘पैरिका’, आपल्या परीची पूर्वज, चांगलीच दुष्ट होती. म्हणजे दोघीही मुळात भीतीच्या, गोंडसपणा नंतर चिकटला. इंग्रजी लेखक ‘फेअरी’चं जुनं, एडमंड स्पेन्सरने 1590 मध्ये आपल्या महाकाव्याच्या नावात वापरलेलं स्पेलिंग मुद्दाम उकरून काढतात किंवा नुसतं ‘फे’ म्हणतात, ते एवढंच सांगायला की आमची कांडीवाली नव्हे.

स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये या फे लोकांचं नाव थेट घ्यायचं टाळत. ‘भले शेजारी’ म्हणायचं, सापाला ‘लांबडं’ म्हणावं तसं. ॲबरफॉइलचा पाद्री रॉबर्ट कर्क याने 1691 च्या सुमारास त्यांच्यावर एक अख्खा ग्रंथ लिहिला, तोही थट्टेने नव्हे, एखाद्या शेजारच्या जमातीची माहिती द्यावी इतक्या गंभीरपणे. पुढच्याच वर्षी तो वारला आणि गावात बोललं जाऊ लागलं की तो मेलेला नाही, त्याला ‘त्यांनी’ नेलंय. पुस्तक छापलं गेलं ते 1815 मध्ये.

पण मालिकेचा खरा पाया म्हणजे ‘टॅम लिन’ हे स्कॉटिश सीमाभागातलं कथागीत. 1549 च्या एका स्कॉटिश ग्रंथात त्याचा उल्लेख आहे, आणि सगळ्यात प्रसिद्ध पाठ रॉबर्ट बर्न्सने दिलेला, 1796 चा. सेल्कर्कजवळच्या कार्टरहॉच्या रानात जायला मुलींना मनाई आहे, कारण तिथला टॅम लिन येणारीकडून अंगठी, शाल किंवा कौमार्य वसूल करतो. जॅनेट हिरवा घागरा गुडघ्यांच्या वर खोचून नेमकी तिथंच जाते आणि गुलाब तोडते. तो समोर उभा राहतो. काही दिवसांनी तिला दिवस गेल्याचं कळतं. मग बाहेर येतं की तो मूळचा माणूसच आहे, परीराणीने धरून नेलेला. दर सात वर्षांनी हे लोक नरकाला एक जीव खंडणी देतात आणि यंदा आपली पाळी, अशी धास्ती त्याला आहे. हॅलोविनच्या मध्यरात्री परीराणीची स्वारी निघते. काळा घोडा जाऊ द्यायचा, तपकिरीही जाऊ द्यायचा आणि पांढऱ्यावरच्याला खाली ओढायचं. तो तिच्या मिठीत साप होतो, अस्वल होतो, सिंह होतो, लाल तापलेली लोखंडी कांब होतो. तिने सोडायचं नाही. शेवटी तो धगधगता निखारा झाला की विहिरीत टाकायचा आणि उघडा माणूस बाहेर आला की आपल्या हिरव्या झग्यात लपवायचा.

यात राजपुत्र कुणाला वाचवत नाही. वाचवते ती मुलगी, पोटात मूल घेऊन. मास यांच्या पहिल्या भागात फेंच्या वसंत दरबाराच्या अधिपतीचं नावच टॅमलिन आहे, आणि एकोणीस वर्षांची शिकारी फेअरा त्याला सोडवायला डोंगराखालच्या राणीच्या गुहेत एकटी उतरते. पहिला भाग रटाळ वाटणाऱ्यांनाही शेवटचा हा तुकडा आवडतो, तो उगाच नव्हे.

मधला काळ भरभर ओलांडू. शेक्सपिअरने या लोकांना फुलात मावतील इतकं लहान करायला सुरुवात केली, व्हिक्टोरियन चित्रकारांनी पंख लावले आणि 1917 मध्ये कॉटिंग्लीच्या दोन मावसबहिणींनी कागदी पऱ्यांसोबत फोटो काढले. त्यावर आर्थर कॉनन डॉइलसारख्या माणसाने विश्वास ठेवला. बहिणींनी बनाव कबूल केला तो 1980 च्या दशकात, म्हाताऱ्या झाल्यावर. टोलकीनने 1939 च्या आपल्या व्याख्यानात या चिमुकल्या पऱ्यांचा मनापासून कंटाळा व्यक्त केला, आणि तो मला पूर्ण पटतो.

आता दुसरा धागा, ‘ब्यूटी अँड द बीस्ट’. पहिल्या भागाचा संथ पूर्वार्ध, म्हणजे वाडा, बाग, मुखवटे आणि जेवणाची टेबलं, तो इथून आला. ही गोष्ट गॅब्रिएल-सुझान द व्हिलनव हिने 1740 मध्ये फ्रेंचमध्ये लिहिली, मोठ्यांसाठी, जवळपास कादंबरीएवढी लांब. तिच्यातला पशू रोज रात्री मुलीला लग्नाचं विचारत नाही, शेजेचं विचारतो. ती नाही म्हणते, तो निघून जातो. रोज रात्री तिच्या स्वप्नात एक देखणा तरुण येतो आणि तिला कळेना, मन कुणात गुंतलंय. उत्तरार्धात तर पऱ्यांच्या कायद्यांचं आणि कारस्थानांचं राजकारण पानंच्या पानं चालतं. दोन पुरुषांत अडकलेलं मन, दरबारी डावपेच, शय्यागृहाचा प्रश्न : प्रेमकथा आणि अद्भुतकथा यांच्या ज्या मिश्रणाला आज ‘रोमँटसी’ म्हणतात त्याचं जवळजवळ सगळं सामान 1740 मध्येच मांडून झालेलं होतं.

मग 1756 मध्ये लंडनमध्ये फ्रेंच शिकवणारी गव्हर्नेस जान-मारी लप्रँस द बोमाँ हिने तीच गोष्ट मुलींच्या वाचनासाठी कापून काढली. राजकारण गेलं, शेज गेली, प्रश्न उरला लग्नाचा. आपल्यापर्यंत पोचली ती हीच, शहाण्या मुलीची गोष्ट.

याच प्रवासाची उलटी आवृत्ती मास यांच्या बाबतीत घडली. पहिला भाग मे 2015 मध्ये ब्लूम्सबरीने काढला आणि तो किशोरवयीनांच्या कपाटात गेला. त्याआधी वाट तयार होती : एमा बुलच्या 1987 च्या कादंबरीत फेंचे दरबार मिनियापोलिसच्या रस्त्यांवर लढले होते, लॉरेल हॅमिल्टनने 2000 पासून त्यांना प्रौढांच्या शृंगारकथेत आणलं, हॉली ब्लॅकने 2002 मध्ये किशोरांच्या कादंबरीत. 2005 च्या ‘ट्वायलाइट’ या व्हॅम्पायरच्या प्रेमकथेनंतर तर अमर प्रियकर हवाच, असा दंडकच पडला. पाचशे वर्षांच्या नायकाबद्दलची तक्रार तिथं नेऊन टाकावी. पण 2016 चा दुसरा भाग उघडउघड मोठ्यांचा होता. 2020 मध्ये मालिका नवी मुखपृष्ठं घालून प्रौढांच्या विभागात आली, आणि 2021 चा भाग तर तिथंच जन्मला. मधल्या काळात पहिल्या कपाटावरून ती मुलांच्या हातात गेलेली होतीच. 2024 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्याने सरकारी शाळांतून 13 पुस्तकं हटवली, त्यांत मास यांची 6 होती. दुसरीकडे टिकटॉकवरच्या वाचकांनी ही पुस्तकं घरोघरी पोचवली आणि त्याच वर्षी ‘रोमँटसी’ हा शब्द ऑक्सफर्डच्या वर्षशब्दाच्या अंतिम यादीत पोचला.

दुसऱ्या भागावरून जे सगळ्यात मोठं भांडण आहे, त्याचं मूळही इथंच सापडतं. टॅमलिन फेअराला ‘तुझ्या रक्षणासाठी’ म्हणून घरात कोंडतो, ती मोडते आणि रात्र दरबाराचा अधिपती रायसँड याच्याकडे जाते. त्याच्याशी तिचा महिन्यातून एक आठवडा त्याच्याकडे राहण्याचा करार असतो. हा तिसरा धागा, पाताळात ठरावीक काळ काढणाऱ्या ग्रीक पर्सेफनीचा. काही वाचक म्हणतात, लेखिकेने सोयीसाठी टॅमलिनला खलनायक केलं. काही म्हणतात, खुणा आधीपासून होत्या. मी पानं मागे उलटून पाहिली. अग्निरात्रीच्या सणाला, म्हणजे वेल्श ‘कालन माय’ला, तो तिच्या मानेला चावतो आणि वर दोष तिचाच, खोलीतून बाहेर का आलीस म्हणून. खूण आहे. पण पहिल्या भागाच्या सुरात ती प्रेमाची म्हणून आली आहे, कारण बोमाँच्या गोष्टीत कोंडणं हेच प्रेमाचं पहिलं पाऊल होतं. दुसऱ्या भागाने त्या गोष्टीलाच प्रश्न विचारला, आणि मला तो आवडला तो यासाठी. रायसँडला मात्र तोच प्रश्न लावलेला नाही. डोंगराखाली तो रोज रात्री तिला मद्य पाजून भान हरपेपर्यंत नाचवतो, आणि पुढे ‘ते सगळं तुझ्याच भल्यासाठी होतं’ एवढ्या खुलाशावर सुटतो. ही तक्रार मला रास्त वाटते.

एक बारीकशी जागा सांगायची राहिली. फेना लोखंड बाधतं आणि त्यांना खोटं बोलता येत नाही, हे दोन नियम माहीत असलेले वाचक सुरुवातीला सावध होऊन वाचतात. फेअराही तशीच सावध असते. मग तिला कळतं, लोखंडाचं त्यांना काही वाटत नाही, बाधतं ते ॲश वृक्षाचं लाकूड. आणि खोटं तर ते बिनदिक्कत बोलतात. म्हणजे फेंचा मुलूख वेगळा करणाऱ्या भिंतीपलीकडच्या माणसांनी पिढ्यानपिढ्या उराशी धरलेली दोन्ही हत्यारं पोकळ निघतात. लोककथा चांगली पाठ असलेला वाचक इथं सगळ्यात जास्त फसतो. मीही फसले.