बुडबुडा चिकटला तर: पाणी झटकणाऱ्या इलेक्ट्रोडची पार्श्वभूमी

हरित हायड्रोजनच्या, म्हणजे मुख्यतः अक्षय ऊर्जेच्या विजेने पाणी फोडून काढलेल्या हायड्रोजनच्या, राष्ट्रीय मोहिमेला जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांची क्षमता उभारायचे ठरले. गोव्याला हायड्रोजन नवा नाही. झुआरीनगरला खतासाठी अमोनिया १९७० च्या दशकापासून बनतो आणि त्याला लागणारा हायड्रोजन आधी नाफ्थ्यातून, मग नैसर्गिक वायूतून आला. तो पाण्यातून काढायचा तर मुख्य खर्च विजेचा, आणि पाण्यात वीज सोडणाऱ्या पट्ट्यांवर, म्हणजे इलेक्ट्रोडवर, चिकटलेले वायूचे बुडबुडेच त्या विजेतला काही वाटा खातात.

पाण्याच्या विघटनाचा १८०० मधला प्रयोग शाळेपासून पाठ असतो. बुडबुड्यांची खरी अडचण दिसली ती पुढे, वितळलेल्या क्षारांच्या उद्योगांत. अॅल्युमिनियम काढताना अॅल्युमिना (त्याचे ऑक्साइड, म्हणजे कच्चा माल) कमी पडला की वितळलेला क्षार कार्बनच्या अॅनोडला, म्हणजे धन इलेक्ट्रोडला, भिजवेनासा होतो, त्यावर वायूचा पडदा धरतो आणि चार-पाच व्होल्टवर चालणारे काम एकदम तिसाच्या घरात जाते. फ्लोरिन वायू बनवण्याच्या सेलमध्ये, म्हणजे विघटनाच्या टाकीत, अॅनोडवर कार्बन-फ्लोराइडचा थर बसतो, आणि त्यावर बुडबुडे सुटण्याऐवजी चपटे होऊन पसरतात. न भिजणारा पृष्ठभाग वाईट, हा समज इथे रुजला.

हा निष्कर्ष जरा जास्तच ताणला गेला. अळूचे किंवा तेऱ्याचे पान पाण्यात बुडवले की चंदेरी दिसते, कारण हवेचा थर त्याला सोडत नाही. इलेक्ट्रोडवर तेच झाले तर झाकलेली जागा कामातून जाते आणि उरलेल्या जागेवर प्रवाहाचा भार वाढतो, हे खरेच. पण विरघळलेला वायू पाण्यात साचत गेला तरीही व्होल्टेज चढते, आणि तो साठा शोषून घेणारा बुडबुडाच असतो. म्हणजे एकीकडे तोटा, दुसरीकडे फायदा. पारडे कुठे झुकते ते प्रवाहाच्या घनतेवर (दर चौरस सेंटिमीटरला किती प्रवाह) आणि बुडबुडे नेमके कुठे बसतात त्यावर ठरते.

२०१० नंतर बुडबुड्यांना टेकूच न देणाऱ्या, सूक्ष्म काटेरी पृष्ठभागांचे शोधनिबंध भराभर आले. त्यांतली मोजमापे पाहताना सावध राहावे. थेंबाचा स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, बहुतेकदा कोरड्या पत्र्यावर, हवेत, वीज बंद असताना मोजतात. पण ज्यावर हा कोन ठरतो तो पृष्ठताण विद्युतदाबाने बदलतो, हे पाऱ्यावर १८७५ मध्येच दाखवले गेले होते. मग चालू सेलमधला कोन तोच राहील असे धरायचे कशाच्या आधारावर?

दरम्यान उलटी वाटही तयार होत होती. १९३८ मध्ये सापडलेले, पाणी झटकणारे टेफ्लॉन इंधनसेलच्या (वायूपासून वीज बनवणाऱ्या सेलच्या) सच्छिद्र इलेक्ट्रोडमध्ये मुद्दाम मिसळले जाऊ लागले, कारण वायूला ये-जा करायला कोरडी वाट हवी होती. पुढे निकेलवर टेफ्लॉनचे बारीक ठिपके ठेवून पाहिले गेले. बुडबुडे ठिपक्यांवर वाढले, धातू बराच मोकळा राहिला. याच विचाराचे टोक २०२२ मध्ये दिसले: केशाकर्षणाने वर चढणारा द्रव दोन इलेक्ट्रोडमध्ये धरायचा आणि वायू मागच्या बाजूने, बुडबुडा न होताच, बाहेर सोडायचा. म्हणजे पाणी झटकायचे की नाही, यापेक्षा ते कुठे झटकायचे याला महत्त्व आले.

टिकाऊपणाचा वाद मात्र अजून चालू आहे. ७०-८० अंशांच्या तीव्र कॉस्टिक पोटॅशमध्ये (विघटनासाठी वापरल्या जाणाऱ्या अल्कलीच्या द्रावणात) टेफ्लॉन स्वतः तग धरते, पण त्याच्या आधाराने कोरडी राहिलेली छिद्रे कालांतराने भिजतात, आणि प्रयोगशाळेतल्या थोड्या तासांच्या चाचणीत ते दिसत नाही.